सिक्स बाय सिक्स, तरी डोकं दुखतंय

दादरच्या आमच्या क्लिनिकात आलेली ही केस इंटर्नशिपच्या मुलांना मी हमखास सोडवायला देतो. पंचविशीतली मुलगी, बीकेसीत नोकरी, दिवसभर एसी आणि स्क्रीन. दोन्ही डोळ्यांत आरजीपी, म्हणजे हवा आरपार जाऊ देणाऱ्या कडक, आपल्याकडच्या भाषेत सेमी-सॉफ्ट, कॉन्टॅक्ट लेन्स. लांबचं लख्ख दिसायचं, पण दुपारनंतर कपाळ ठणकायचं आणि मोबाइलवरची अक्षरं पुसट व्हायची. एका दुकानात तिला एसीमुळे डोळे कोरडे पडतात असं सांगून ड्रॉप्स दिले होते.

तक्त्यावर दोन्ही डोळे 6/6, म्हणजे लांबची नजर नॉर्मल. इथंच बरेच जण फाइल मिटतात.

नशीब, तिनं आधीची जोडीही डबीत आणली होती. आकडे उजव्या डोळ्याचे देतो, डावा जवळपास तसाच. जुनी लेन्स: बेस कर्व्ह (आतल्या वाटीची त्रिज्या, मिलिमीटरमध्ये) 7.70, पॉवर -4.00, व्यास 9.2. नवी: 7.80, -4.00, 9.2. दुकानानं कर्व्ह बदलला आणि पॉवर तशीच ठेवली.

कर्व्ह बदलला हे बरोबरच होतं. कॉर्नियाची, म्हणजे डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याची, वक्रता मोजणाऱ्या केराटोमीटरवर आडवा मेरिडियन (आडव्या दिशेची वक्रता) 43.25 डायॉप्टर, उभा 44.50. 337.5 ला बेस कर्व्हच्या मिलिमीटरनं भागलं की डायॉप्टर येतात. 7.80 म्हणजे 43.27, अगदी फ्लॅट केवर, म्हणजे कॉर्नियाच्या सपाट दिशेच्या आकड्यावर. 7.70 म्हणजे 43.83, अर्ध्या डायॉप्टरहून थोडी जास्तच स्टीप, म्हणजे जास्त वक्र. फ्लुरोसीन (हिरवं चमकणारा रंग) घालून कोबाल्ट ब्लू, म्हणजे निळ्या उजेडाखाली जुनी लेन्स पाहिली तर मधोमध हिरवं तळं, त्यात एक बुडबुडा अडकलेला, भोवती काळी कडी, आणि पापणी मिटली तरी लेन्स हलायला तयार नाही. नवी लेन्स मात्र छान बसलेली: आडवा काळपट पट्टा, वरखाली हिरवं, मिचकावल्यावर दीड-एक मिलिमीटरची हालचाल. सव्वा डायॉप्टरच्या विथ-द-रूल, म्हणजे उभ्या दिशेला जास्त वक्र असलेल्या, कॉर्नियावर चित्र असंच दिसायला हवं.

चूक पॉवरमध्ये होती. कडक लेन्स आणि कॉर्निया यांच्यामधल्या अश्रूंचीही एक लेन्स तयार होते. बेस कर्व्ह कॉर्नियापेक्षा स्टीप असेल तर ती प्लसची, फ्लॅट असेल तर मायनसची. जुन्या लेन्सखाली ती सुमारे +0.50 होती, म्हणून -4.00 ची लेन्स डोळ्यावर -3.50 चं काम करत होती. नव्या लेन्सखाली अश्रूंची पॉवर जवळजवळ शून्य, त्यामुळे पूर्ण -4.00 डोळ्यावर. चष्म्याचा नंबर: स्फिअर (सगळ्या दिशांना सारखी पॉवर) -3.75, सिलिंडर (एकाच दिशेची जादा पॉवर) -1.25, ॲक्सिस (त्या सिलिंडरचा कोन) 180. बारा मिलिमीटर व्हर्टेक्स, म्हणजे चष्मा आणि डोळा यांतलं अंतर, धरून कॉर्नियावर आणला तर स्फिअर -3.59. म्हणजे लागणार होते साधारण -3.50.

परीक्षेतलं सॅम-फॅप ते हेच: स्टीपर ॲड मायनस, फ्लॅटर ॲड प्लस. 0.05 मिलिमीटरला पाव डायॉप्टर. मुलं हे झोपेतही म्हणतात, पण समोर 6/6 वाचणारा पेशंट आला की आठवत नाही. पंचविशीतला डोळा अर्धा डायॉप्टर अकॉमोडेशनवर, म्हणजे स्वतःच्या लेन्सचा फोकस बदलून, सहज ओढून नेतो, म्हणून तक्ता स्वच्छ दिसतो. जवळचं पाहताना तेवढाच जादा भार, तोही दिवसभर. चाळिशीच्या माणसानं ही लेन्स दुसऱ्याच दिवशी परत आणली असती. अशा वेळी नुसत्या तक्त्यावर विसंबू नये. नव्या लेन्सवर ड्युओक्रोम (लाल आणि हिरव्या पार्श्वभूमीवरच्या अक्षरांची चाचणी) लावला तर हिरव्यावरची अक्षरं ठळक, म्हणजे मायनस जादा. +0.50 ची ट्रायल लेन्स पुढे धरली, लाल-हिरवं सारखं झालं आणि 6/6 तसंच राहिलं.

ऑर्डर देण्याआधी दोन्ही लेन्स मोजून घेतल्या, कारण डबीवरचा आकडा आणि लेन्समधला आकडा एकच असतो असं नाही. बेस कर्व्ह मोजणाऱ्या रेडियसस्कोपच्या माउंटवर पाण्याचा थेंब, त्यात लेन्सची बाहेरची बाजू, आतली वाटी वर आणि कोरडी ठक्क. वाटीत ओल राहिली तर प्रतिमा फिसकटते. पृष्ठभागावरची चक्राकार प्रतिमा फोकस करून शून्य लावायचं, मग दुसरी, हवेतली प्रतिमा शोधायची. मध्येच दिव्याची तार दिसते, तिच्यावर थांबायचं नाही. दुसऱ्या प्रतिमेच्या सगळ्या रेघा एकाच वेळी स्वच्छ झाल्या नाहीत तर लेन्स वाकडी झालेली असते. इथं तसं काही नव्हतं, आकडे डबीवरचेच निघाले. लेन्सोमीटरवर (पॉवर मोजायचं यंत्र) पॉवर बघताना मात्र वाटीची बाजू स्टॉपकडे, म्हणजे लेन्स टेकवायच्या नळीकडे, ठेवायची, बॅक व्हर्टेक्स पॉवर (मागच्या बाजूनं मोजलेली पॉवर) तिथूनच मोजतात.

नवी ऑर्डर 7.80, -3.50, 9.2. लॅबकडून लेन्स कोरडी आली तर आधी रात्रभर सोल्युशनमध्ये ठेवतो आणि मगच बेस कर्व्ह मोजतो. ±0.05 च्या बाहेर गेला की परत.

"सर, हीच घासून कमी नाही का होणार?" तिनं विचारलं. पॉलिश करून अर्ध्या डायॉप्टरचा फरक काढता येतो, पण ऑप्टिकची वाट न लावता ते करणारा हात आता मिळणं कठीण. नवीच केली. चुकीची जोडी वेगळ्या रंगाच्या डबीत घालून तिला परत दिली, म्हणजे सकाळच्या लोकलच्या घाईत हातात भलतीच यायला नको.