लेकरू सांभाळायचे किती घ्यायचे?

"काकू, तुम्हाला वाटेल ते द्या." दहावी-अकरावीतली पोरं हमखास हे वाक्य बोलतात आणि व्यवहार तिथेच फसतो. काकूंना वाटतं पन्नासची नोट आणि एक चॉकलेट पुरेल, पोरीच्या मनात चारशे असतात. रात्री अकराला दारात कोणीच काही बोलत नाही, पण पुढच्या वेळी काकूंचा फोन आला की पोरीचा नेमका क्लास असतो.

आकडा काढताना तासांच्या आधी जबाबदारी बघा. आई आतल्या खोलीत लॅपटॉपवर काम करतेय आणि तुम्ही तिच्या चार वर्षांच्या पोराला खेळवताय, तर तासाला ६० रुपये ठीक. घरात दुसरं मोठं माणूस नसेल तर १००. दुसरं लेकरू असलं म्हणून दर दुप्पट होत नाही, ४० वाढवा. रात्री ९ नंतर तासाला आणखी २०. नागपुरातल्या प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, मनीषनगर अशा वस्त्यांतली घरं डोळ्यासमोर ठेवून आम्ही हे आकडे सुचवतो. तुमच्या गल्लीत थोडं इकडंतिकडं करा. दोन वर्षांच्या आतलं बाळ एकटीने सांभाळायचं काम मात्र कितीही पैसे दिले तरी घेऊ नका.

समजा, वर्धा रोडवरच्या लॉनवर रिसेप्शन आहे. घरी ३ आणि ७ वर्षांची दोन पोरं, वेळ ६:३० ते ११. साडेचार तास गुणिले १४० म्हणजे ६३०, नवानंतरच्या दोन तासांचे ४०, एकूण ६७०. पत्रिकेत सात लिहिलेलं असतं आणि नवरानवरी स्टेजवर येतात नऊला, हे नागपुरात सांगायला नको. त्यामुळे "दहाला येतोच आम्ही" असं कोणी म्हटलं तरी अकरा धरूनच आकडा सांगा. हिशेब अर्ध्या तासाच्या पटीत, कमीत कमी दोन तासांचा. त्याच दिवशी काम रद्द केलं तर एका तासाचे पैसे. जेवण दिलं तर आनंदाने जेवा, पण ते पैशांतून वजा होत नाही.

हे सगळं आईच्या फोनवरून आदल्या दिवशी लिहून पाठवा: "काकू, उद्या ६:३० ला येते. दोघांचे तासाला १४०, नवानंतर १६०. ११ पर्यंत ६७० होतील. घरी काकांनी सोडायचं." चार ओळी, विषय संपला. १८ पूर्ण नसलेल्याने केलेला करार कायद्यापुढे टिकत नाही, त्यामुळे पैसे त्याच रात्री घ्यावेत. "महिन्याचे एकदम देतो" हे ओळखीतच जास्त बुडतं. आणि १४ वर्षांच्या आतल्या मुलांनी दुसऱ्याच्या घरी पैसे घेऊन काम करणं बालकामगार कायद्यात बसत नाही.

परत सोडण्याचा मुद्दा साधा वाटतो, पण तो आधी ठरवा. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचंच. घरची स्कूटी त्यात बसत नाही, आणि पकडलं तर २५,००० रुपयांचा दंड बापाच्या नावावर.

दारातून आई-बाबा बाहेर पडायच्या आधी तीन गोष्टी बघून घ्या. गॅसचं रेग्युलेटर बंद आहे का. बाथरूमची आतली कडी पोराचा हात पोहोचेल इतकी खाली आहे का. असेल तर ते आत गेल्यावर दार लोटून ठेवायचं, लावू द्यायचं नाही. आणि कूलर. लोखंडी बॉडीचा कूलर चालू असताना पोरं ओल्या हाताने जाळीला चिकटतात, कधी आतल्या पाण्यात हात घालतात, आणि पंपाची वायर खराब असली तर शॉक बसतो. पाणी भरायचंच असेल तर आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. चार वर्षांच्या आतल्या पोराला फुटाणे-शेंगदाणे नकोत, घशात अडकतात. औषध फोन करून विचारल्याशिवाय देऊ नका. ११२ आणि १०८ फोनमध्ये ठेवा. पोराचा फोटो स्टेटसला, अजिबात नाही.

शिकवणीचं गणित वेगळं. पहिली ते चौथी, आठवड्यात पाच दिवस, रोज एक तास, म्हणजे महिन्याचे साधारण २२ तास: एकट्याचे १,३००, तिघं एकत्र बसले तर प्रत्येकी ६००. महिना न म्हणता दिवस ठरवा, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीवरून कटकट होते. चाचणीच्या आठवड्यात "आज जरा दोन तास बसव" हमखास येतं; त्या तासाचे ६० वेगळे.

उन्हाळ्यात गावाला गेलेल्यांच्या झाडांना पाणी घालायचं काम तासावर घेऊच नका. वीस मिनिटांच्या कामाचे वीस रुपये हाती येतील. फेरीचे ४० घ्या. मे महिन्यात सकाळी आठच्या आत एक आणि दिवस मावळल्यावर एक, दहा दिवसांचे ८००. गच्चीवरच्या पाइपात दिवसभर तापलेलं पाणी असतं, ते आधी बादलीत काढा. थेट सोडलं तर कोवळी मुळं भाजतात. कुंडीखालच्या थाळीत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचे डास तिथेच होतात. आणि किल्ली हातात घेतानाच काकूंसमोर कुलूप एकदा उघडून बघा.