करण्यात येईल

विधान भवनाच्या पायऱ्यांवर मंत्री आले की पुढ्यात दहा-बारा माइक येतात आणि वाक्यातला कर्ता मागच्या दाराने निघून जातो. 'मी करीन' असं कोणी म्हणत नाही. 'आम्ही करू' हेही प्रचारापुरतंच. एकदा खातं मिळालं की 'करण्यात येईल'. कोण करणार, ते विचारू नये. त्याच्या वरची पायरी म्हणजे 'करण्याबाबत सकारात्मक विचार करण्यात येईल'. आणि अगदी गच्चीवर पोचलं की 'यासंदर्भात धोरण निश्चित करण्याच्या दृष्टीने समिती गठित करण्याची बाब शासनाच्या विचाराधीन आहे'. एवढ्या लांबलचक वाक्यात खरं क्रियापद एकच, आणि ते 'आहे'.

मला या भाषेचा राग येत नाही. उलट कौतुकच वाटतं. थाप मारणं सोपं, पण ती अंगाशी येते. 'डिसेंबरपर्यंत करतो' म्हणणारा जानेवारीत सापडतो. 'योग्य वेळी योग्य निर्णय घेऊ' म्हणणाऱ्याला कुठे पकडणार? निर्णय झाला नाही म्हणजे वेळ योग्य नव्हती, संपलं.

याचे लेखी नमुने पाहायचे तर अधिवेशनातल्या तारांकित प्रश्नांची छापील यादी वाचावी. वेळ मजेत जातो. अमुक झाले, 'हे खरे आहे काय?' अशी सुरुवात असते आणि शेवटचा उपप्रश्न बहुतेकदा ठरलेला: 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' म्हणजे विलंब होणार याची विचारणाऱ्यालाच आधीपासून खात्री. उत्तर येतं, 'हे अंशतः खरे आहे.' किती अंश, ते गुलदस्त्यात. आणि विलंबाच्या कारणांपुढे लिहिलेलं असतं, 'प्रश्न उद्भवत नाही.' घरी एकदा करून बघा. डब्यातले बेसनाचे लाडू कोणी संपवले असं आईने विचारलं की 'अंशतः खरे आहे' म्हणायचं. पुढे काय उद्भवतं ते कळेलच.

आमची चाळ लालबागची. पुनर्विकासाच्या सभेला साहेब आले होते. चौकात सतरंज्या, पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या, शाल-श्रीफळ, सगळं यथासांग. साहेबांनी 'प्रक्रिया अंतिम टप्प्यात', 'मी स्वतः पाठपुरावा करतोय', 'कोणावरही अन्याय होऊ दिला जाणार नाही' असं सगळं सांगून झाल्यावर तळमजल्यावरच्या काकू उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "साहेब, मला फक्त महिना सांगा. नातवाच्या शाळेचं बघायचंय." क्षणभर शांतता. साहेब खुर्चीतून उठले, काकूंपर्यंत चालत गेले, वाकून पाया पडले आणि माइकमध्ये म्हणाले, "काकू, जे तुमच्या मनात आहे तेच माझ्या मनात आहे." टाळ्यांचा कडकडाट. काकूही हरखून खाली बसल्या. थोड्या वेळाने शेजारणीच्या कानाशी लागून विचारत होत्या, "माझ्या मनात मे महिना होता गं. ते मे म्हणाले का?"

दुसऱ्या मजल्यावरचे नाना मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेत. त्यांना टाळ्या वाजवताना मी कधी पाहिलेलं नाही. सभा उठल्यावर त्यांनी जिन्यातच माझी शिकवणी घेतली. अर्जावर मंत्र्यांचा शेरा पडला म्हणून लोक पेढे वाटतात, पण शेरा वाचता आला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. 'नियमानुसार कार्यवाही करावी' असेल तर नियमात बसणारं काम तसंही झालं असतं. 'तपासून सादर करावे' असेल तर फाइल एक मजला खाली उतरली, ती पुन्हा वर येईल तेव्हा खरी. "आणि 'तातडीने' असं लिहिलं असेल तर?" मी विचारलं. नाना म्हणाले, "शेऱ्यामागून पीएचा फोन आला तरच तो शेरा. नाहीतर ते नुसतं हस्ताक्षर."

या भाषेतला माझा सगळ्यात लाडका शब्द 2017 च्या जूनमध्ये आला. पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप पेटला, कर्जमाफीची घोषणा झाली, आणि 'सरसकट', 'तत्त्वतः', 'निकष' हे तीन शब्द एका दमात कानावर पडू लागले. सरसकट म्हणजे सगळ्यांना. निकष म्हणजे सगळ्यांना नाही. या दोघांना एकाच घरात नांदवण्याचं काम 'तत्त्वतः'ने केलं. मग ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही असे मुंबईकरही तो वापरू लागले. संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा टेकत असताना कोणीतरी म्हणालं, "बसा, बसा. तत्त्वतः जागा आहे."

बरं, 'विचाराधीन' म्हणजे दरवेळी नकारच असतो असंही नाही. मराठीला अभिजात दर्जा मिळावा म्हणून रंगनाथ पठारे समितीचा अहवाल 2013 मध्ये केंद्राकडे गेला आणि दर्जा मिळाला 3 ऑक्टोबर 2024 ला. अकरा वर्षं विचार चालला, पण झाला. लोअर परळचा डिलाईल पूल जुलै 2018 मध्ये बंद केला, तो 'लवकरच' करत करत नोव्हेंबर 2023 मध्ये पूर्ण खुला झाला. तोवर करी रोडच्या बाजूच्या लोकांनी 'लवकर' या शब्दाचा नाद सोडला होता.

गंमत अशी की ज्या वाक्यांना आपण पोकळ म्हणतो, ती संसद गंभीरपणे घेते. लोकसभेत शासकीय आश्वासनांची समिती 1953 पासून आहे. मंत्र्यांची कोणती वाक्यं आश्वासन म्हणून धरायची याची तिच्याकडे यादीच आहे, आणि 'बाब विचाराधीन आहे', 'मी यात लक्ष घालतो' ही त्या यादीत बसतात. एकदा नोंद झाली की तीन महिन्यांत पूर्तता करायची. नाही जमलं तर मुदतवाढ मागायची. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. तिथे मागे लागायला माणसं तरी नेमलेली आहेत, काकूंच्या मे महिन्याची नोंद कोणी घ्यायची?

पण सगळं खापर साहेबांवर फोडणंही बरोबर नाही. आमच्याकडे पूर्वी एक नगरसेवक होते. गच्चीवरच्या पत्र्याच्या शेड नियमित करून द्या म्हणून शिष्टमंडळ त्यांच्याकडे गेलं. कागद पाहून ते चहा यायच्या आत म्हणाले, "हे होणार नाही. नियमात बसत नाही, मी कितीही धावलो तरी बसणार नाही." खरं तेच होतं, आणि पुढे झालंही तसंच. पण खाली उतरताना सगळे तापलेले. पुढच्या निवडणुकीत त्यांचं नाव निघालं तेव्हा शिष्टमंडळातलेच एक जण म्हणाले, "माणूस वाईट नाही हो, पण बोलायची रीत नाही. निदान 'बघतो' तरी म्हणायचं!"