आमची वाटचाल : विरजणाचा स्पंज

2014 साली दापोलीत दहा बाय आठच्या गाळ्यात आम्ही टँकमध्ये पाळायच्या शोभेच्या माशांचं दुकान टाकलं. "कोकणात मासे विकत घेऊन नुसते बघत बसणार कोण?" असं वडील म्हणाले. पहिली दोन वर्षं त्यांना उत्तर देता आलं नाही.

धंदा व्हायचा तो गणपतीत. चाकरमानी गावी आले की पोरांच्या हट्टापायी दीड फुटी टँक, चार गप्पी, एखादा मॉली घरी जायचा. गौरी जेवेपर्यंत निम्मे मासे उताणे, आणि शिव्या आम्हाला. त्यावर मी महाग फिल्टर विकायला लागलो. 18 बाय 10 बाय 12 इंचाच्या टँकमध्ये जेमतेम 35 लिटर पाणी, त्याला ताशी 600 लिटरचा फिल्टर! गप्पी एका कोपऱ्यात धापा टाकत चिकटून बसायच्या. एवढ्या टँकला ताशी दीडशे-पावणेदोनशे लिटर पुरेत, हे कळायला माझा एक अख्खा हंगाम गेला.

खरी गोम वेगळीच होती. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नव्या टँकमध्ये हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात जमायला चार ते सहा आठवडे लागतात. चाकरमान्याची रजा दहा दिवसांची. हर्णैच्या एक काकू तर स्पंज साबणाने धुऊन, उन्हात वाळवून परत बसवायच्या. "अहो काकू, दही लावताना विरजणाची वाटी घासून पुसून ठेवली, तर दूध लागेल का?" असं म्हटल्यावर त्यांना पटकन पटलं. पुस्तकी भाषेत मी त्यांना तीनदा सांगून बघितलं होतं.

तेव्हापासून आम्ही स्पंज फिल्टरच विकतो. एअर पंपाचे बुडबुडे नळीतून वर चढतात, जाताना पाणी ओढतात, ते पाणी स्पंजमधून गाळून येतं. बिघडण्यासारखं त्यात काही नाही. पंप धरून चारशेच्या आत काम होतं. ज्यांना तेवढेही जड जातात, त्यांना अर्ध्या लिटरच्या बाटलीचा फिल्टर करून देतो: बूड कापायचं, बाटली उलटी धरून तळाशी हवेचा दगड (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांनी सोडणारा), वर मंगलोरी कौलाचे बोराएवढे तुकडे, त्यावर उशीतला पॉलिस्टरचा कापूस. आधी जांभ्याचे तुकडे घालून पाहिले होते. घरचाच दगड, फुकटचा. पण आठ वेळा धुतला तरी तांबडं पाणी सुटायचं थांबेना. कौल भाजलेलं असतं, सच्छिद्र असतं, जिवाणू त्यात घर करतात. फक्त रंग दिलेलं कौल नको.

आमच्या विहिरींचं पाणी मऊ. त्यात आम्लाला तोंड द्यायची ताकद कमी, आणि पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप, आकडा कमी तर आम्ल जास्त) साडेसहाच्या खाली उतरला की जिवाणूंचं काम मंदावतं. म्हणून कौलांत मूठभर तिसऱ्यांच्या शिंपा घालतो, उकळून, घासून. त्या हळूहळू विरघळतात आणि पाणी सांभाळतात. गप्पी-मॉलीला हे मानवतं. फायटर माशाच्या टँकमध्ये नाही घालत.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे नळीतून पाणी उलटं येऊ न देणारी झडप, मात्र मी कुणाला न घेता जाऊ देत नाही. पंचवीस-तीस रुपयांची वस्तू. पंप टँकच्या खाली ठेवला असेल आणि लाइट गेली, तर पाणी त्याच नळीने उलटं पंपात उतरतं. एका पावसाळी रात्री दुकानात असंच झालं. सकाळी शटर उघडलं तर पाणी एक्सटेन्शन बोर्डापर्यंत आलेलं. वीज गेलेली होती म्हणून बरं.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. आमच्या आळीत वीज यायला तीन आठवडे गेले. दुकानातला सगळ्यात महाग, बंद डब्याचा फिल्टर उघडला तेव्हा कुजक्या अंड्यांचा वास. आत हवा पोचत नव्हती, सगळे जिवाणू मेलेले. उघड्या पाण्यातले स्पंज वाचले. जाड सेलवरचा एक पंप आळीपाळीने सगळ्या टँकांना लावायचा, मधल्या वेळात बायको आणि मी तांब्याने वरून पाणी ओतायचो, खाद्य अगदी बंद. चौदा मासे गेले. मला वाटलं होतं, एकही राहणार नाही.

आता आषाढ लागला की मागच्या पडवीतल्या मोठ्या टबात स्पंज मुरायला घालतो. टबात मासे असतातच, त्यांच्यावरच ते तयार होतात. गणपतीत टँकच्याच पाण्यात भिजवून पिशवीत बांधून देतो, आणि घरी पोचल्यावर लगेच बसवा म्हणतो. पहिल्या वर्षी सहा केले होते, यंदा चाळीस आहेत. कौलांचीही चिंता नाही. पत्रे घालायला कुणी छप्पर उतरवलं की फोन येतो, "दादा, फुटकी कौलं न्यायला येताय ना?" टेम्पोचं भाडं तेवढं आमच्या अंगावर.