सीझर कुठे पडला, हे विचारणाऱ्यांना

रोमच्या इतिहासावर मी कुठेही बोललो, तरी शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो : फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकात, आज जी विटांची उंच इमारत उभी आहे, त्या सिनेटच्या सभागृहातच सीझरला मारले ना? तुम्हीही तोच विचारलात, म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.

नाही. ती इमारत, क्युरिया ज्यूलिया, सीझरने आरंभली आणि ऑगस्टसने इ.स.पू. २९ मध्ये पुरी केली. पुढे इ.स. २८३ च्या आगीनंतर डायोक्लिशियनने ती नव्याने उभारली आणि सातव्या शतकात तिचे चर्च झाले, म्हणून तिच्या भिंती वाचल्या. सीझर पडला तो त्याचा प्रतिस्पर्धी सेनापती पॉम्पी याच्या नाट्यगृहाच्या आवारातील दालनात. त्या दालनाचे अवशेष आजच्या लार्गो अर्जेंतीना चौकात आहेत. सिनेटची बैठक शकुन पाहून पवित्र ठरवलेल्या कोणत्याही जागेत भरू शकत असे. बंडाचा कट रचणाऱ्या कॅटिलाइनविरुद्धचे पहिले भाषण प्रसिद्ध वक्ता सिसेरो याने ज्युपिटर स्टेटरच्या मंदिरात केले होते. पण सीझरच्या वेळी फोरममधले सभागृह वापरात का नव्हते, हे मला कोणीच विचारत नाही, आणि माझी खरी चीड ती आहे.

जुने सभागृह सीझरच्या खुनाच्या (इ.स.पू. ४४) आठ वर्षे आधी जळाले होते. इ.स.पू. ५२ च्या १८ जानेवारीला अ‍ॅपियन मार्गावर मिलोच्या माणसांनी क्लोडियसला ठार केले. मिलो तेव्हा कॉन्सलपदाचा, म्हणजे दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एकाच्या पदाचा, उमेदवार होता; क्लोडियस म्हणजे फुकट धान्याचा कायदा करणारा, टोळ्या पोसणारा आणि सिसेरोला हद्दपार करवणारा पुढारी. वाटेने जाणाऱ्या एका सिनेटरने प्रेत आपल्या पालखीतून शहरात पाठवले. क्लोडियसची पत्नी फुल्विया हिने जमलेल्यांना एकेक जखम दाखवत आक्रोश केला. दुसऱ्या दिवशी लोकांनी ते उघडे प्रेत फोरममध्ये आणले, व्यासपीठावर ठेवले, आणि सामान्यांचे प्रतिनिधी असलेल्या ट्रिब्यूनांची भाषणे ऐकून सरळ सभागृहात नेले. तिथली बाके, मेजे आणि कारकुनांच्या वह्या रचून त्यांनी चिता पेटवली. तीत सभागृह गेले आणि शेजारच्या बॅसिलिका पोर्किया या सार्वजनिक इमारतीलाही झळ पोचली.

एवढे सांगितल्यावर एका व्याख्यानानंतर एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे तुम्ही जाळणाऱ्यांच्या बाजूचे!" मी नाही. क्लोडियस गुंड होता, याबद्दल मला शंका नाही. पण ज्या सभागृहात सामान्य नागरिकाला बसता येत नव्हते आणि जिथे सिनेटर उघडपणे या किंवा त्या बाजूला जाऊन मत नोंदवत, तिथे आपल्या पुढाऱ्याच्या खुनाची दाद लागेल असे त्या जमावाने कशाच्या भरवशावर मानायचे? तरुणपणी मी वर्गात ठासून सांगत असे की प्रजासत्ताकाला पहिली काडी त्या दिवशी जमावाने लावली. आज ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. त्याच्या कितीतरी आधी सेनापती सुल्लाने युद्धदेवता बेलोनाच्या मंदिरात सिनेट भरवली असता जवळच कैद्यांची कत्तल चालू होती, आणि किंकाळ्या ऐकूनही सभासद बसून राहिले होते.

तरीही माझ्यातला तो तरुण शिक्षक गप्प बसत नाही. तो म्हणतो, वह्या तर राज्याच्या होत्या, सिनेटरांच्या घरच्या नव्हेत. आणि आगीतून निघाले काय, तर पॉम्पी, सहकारी नसलेला एकटा कॉन्सल. त्याचे हे म्हणणे मला खोडता येत नाही. मी त्याला एवढेच सुचवतो की इ.स.पू. ४४ मध्ये सीझरच्या अंत्यविधीच्या वेळीही काही लोकांचा आग्रह होता, त्याला पॉम्पीच्या त्याच दालनात जाळावे. कोणती वास्तू पेटवायची, हे त्या जमावाला नेमके ठाऊक होते. यावर तो विचारतो की नेमके ठाऊक असणे ही सबब आहे की आरोप.