मशीन लावायचं इंग्रजी

आपण शाळेत शिकलो ते इंग्रजी अर्ज लिहायचं होतं, घरात वापरायचं नव्हतं, हे वॉशिंग मशीनवर चिकटवायला चिठ्ठी लिहिताना फार जाणवतं. रजेचा अर्ज झोपेतही लिहू, पण मराठी न येणाऱ्या पाहुण्याला 'झाकण नीट लागल्याशिवाय मशीन चालू होत नाही' एवढं सांगायचं तर पेनातून आधी 'काइंडली एन्शुअर दॅट'च उतरतं, आणि ते वाचून पाहुणा कपडे हातानेच धुवेल.

बरं, मॅन्युअल बघून लिहावं तर तिथे सगळा वकिली खाक्या. 'डेंजर', 'वॉर्निंग', 'कॉशन' हेही मनाला येईल तसे टाकत नाहीत, अमेरिकेच्या 'आन्सी झेड ५३५' स्टँडर्डमध्ये त्यांची चक्क उतरंड लावलीये: डेंजर म्हणजे टाळलं नाही तर जीव जाईल किंवा गंभीर इजा होईलच, वॉर्निंग म्हणजे होऊ शकते, कॉशन म्हणजे थोडंफार लागू शकतं, आणि नुसतं सामान बिघडणार असेल तर 'नोटिस'. तेव्हा फिल्टर तुंबतो म्हणून लाल स्केचपेनने 'डेंजर' लिहिणं जरा अतीच.

बोलण्यातलं इंग्रजी त्यामानाने भलतंच कंजूष. डिशवॉशर घरात कुणी 'ऑपरेट' करत नाही, 'रन' करतात. 'द लिड मस्ट बी क्लोज्ड प्रॉपर्ली' कशाला, 'पुश द लिड टिल इट क्लिक्स' म्हटलं की काम झालं, शिवाय कान कुठे द्यायचा तेही कळलं.

मायक्रोवेव्हवर मात्र मी घुटमळते. मॅन्युअल म्हणतं 'स्टँडिंग टाइम', आता यातून कुणाला काय कळणार! मशीन थांबलं तरी पदार्थाच्या कडेची उष्णता आत सरकत असते, म्हणून दोन मिनिटं थांबायचं, नाहीतर कडेला चटका आणि मध्ये गारढोण. मी लिहिते, 'गिव्ह इट टू मिनिट्स, द मिडल इज स्टिल कॅचिंग अप'. हे मला जाम आवडलंय.

आणि ते गोलात वरून शिरणारी रेघ असलेलं बटण. ते स्टँडबायचं, म्हणजे दाबलं तरी मशीन आतून जागंच. पूर्ण बंद करायचं तर ब्रिटिश माणूस म्हणतो 'स्विच इट ऑफ ॲट द वॉल', पण अमेरिकेत भिंतीवरच्या सॉकेटला सहसा स्विचच नसतो, तिथे सरळ 'अनप्लग इट'. पाहुणा कुठला ते आधी विचारत कोण बसणार, मी दोन्ही लिहून टाकते.