शंभरपानी वही

जळगावला माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नवीन पोरगा शिकायला आला की मी त्याच्या हातात आधी स्क्रूड्रायव्हर नाही, शंभरपानी वही देतो. मोबाईलमध्ये पीडीएफ ढीगभर पडलेत पण ऐन वेळी उघडतं कोण, हाताने लिहिलेलंच डोक्यात बसतं.

पहिलं पान एसएमपीएसचं, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचं. पिवळी वायर १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, काळी ग्राउंड, आणि २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी काळीला जोडली की मदरबोर्डाशिवायच सप्लाय सुरू होतो, मग मीटर लावायचा, पिवळीवर ११.४ ते १२.६ च्या बाहेर रीडिंग आलं तर सप्लायवरच संशय. (काहींच्या सगळ्या वायरी काळ्याच असतात, तिथे पिना मोजत बसा.) डबा मात्र उघडायचा नाही, प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

मे महिन्यात रावेरचं एक गिऱ्हाईक आलं, "भो, चालूच व्हत नाही हा." पोरगा लगेच म्हणे बोर्ड गेला. मी रॅम काढली, धूळ झटकली, पिना खोडरबरने घासल्या, परत बसवली, आला डिस्प्ले! तारीख सारखी मागे जायची म्हणून बोर्डावरचा सीआर २०३२ बटण सेलपण बदलला.

चालू होताना कॉम्प्युटर बीप वाजवून बिघाड सांगतो, त्या बीपचं पान अजून अर्धवटच आहे, बायोस (बोर्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) बदलला की बीपचा अर्थ बदलतो ना.