बुडालेल्या डोंगरांवर वल्हवताना

दुपार, कॅम्पवर

कानात अजून लाँगटेल बोट घुमतेय. गाडीचं इंजिन उघडंच्या उघडं बोटीच्या मागे बसवलेलं, त्याला लांबलचक दांडा आणि टोकाला पंखा. त्याच्यापुढे एवढा वेळ बसलं की माणूस ओरडूनच बोलायला लागतो. मानसी अजून ओरडतेय. "ताई, जळवांचे मोजे कुठेत?" हे समोरच्या किनाऱ्यालाही कळलं असेल.

खाओ सोक, दक्षिण थायलंड, सुरत थानी प्रांत. 1980 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, 739 चौरस किलोमीटरचं पर्जन्यवन. त्याच्या कडेला चिओ लान जलाशय, आणि पाण्यातून सरळ वर गेलेले चुनखडीचे कडे. धक्क्यावर, बोटीत, माहितीपत्रकात सगळीकडे एकच वाक्य: हे जंगल 16 कोटी वर्षं जुनं, अ‍ॅमेझॉनपेक्षाही म्हातारं. मला काही ते पचत नाही. फुलझाडांचे, म्हणजे फुलं येणाऱ्या सगळ्या वनस्पतींचे, खात्रीचे सर्वांत जुने जीवाश्मच साधारण 13 कोटी वर्षांचे आहेत, आणि इथलं जंगल जवळजवळ सगळं फुलझाडांचंच. दगड मात्र खरोखरच जुना, पर्मियन काळातला, 25 कोटी वर्षांपलीकडचा. आणि तळं? ते माझ्यापेक्षा लहान. राजप्रभा धरण 1987 मध्ये पुरं झालं, 94 मीटर उंच. म्हणजे मानसीच्याच वयाचं.

कॅम्प म्हणजे किनाऱ्यावर साफ केलेली थोडी जागा, तंबू, आणि वर ताणलेली ताडपत्री. थर्माकोल आणि वापरून फेकायचं प्लास्टिक इथल्या उद्यानांत 2022 पासून बंद आहे, त्यामुळे धक्क्यावरच पिशव्या उघडून बघितल्या. बरं वाटलं.

संध्याकाळ

दोघींत एक कयाक, म्हणजे वल्ह्यांची अरुंद होडी. मागे बसणाऱ्याने दिशा सांभाळायची, म्हणून मी मागे. पहिली दहा मिनिटं आमची वल्ही एकमेकांवर आपटत होती.

"ताई, तू वल्हवतेयस की मी एकटीच?"

"तू पाणी माझ्या मांडीवर ओततेयस, तेवढं थांबव आधी."

वल्हं उचललं की त्याच्या पात्यावरून पाणी दांड्याला लागून घरंगळत येतं आणि बरोबर मांडीत सांडतं. दांड्यावर रबरी चकत्या असतात, ठिबकणारं पाणी अडवायला. मानसीने त्या सरकवून पार टोकाला नेल्या होत्या. गाईडने काही न बोलता हात लांब करून त्या जागेवर आणल्या.

मग खोडं लागली. धरण भरताना दरीतलं सगळं जंगल कापलं नव्हतं. पाण्यात मेलेली झाडं अजून उभीच आहेत, काही हातभर वर, काही अगदी पृष्ठभागाच्या खाली. वर आहेत ती ठीक, दिसतात तरी. खाली आहेत ती कयाकच्या तळाला खरवडत जातात आणि अख्खी बोट बोटभर उचलली जाते. एका खोडाला मी हात लावला. पाण्यावरचा भाग राखाडी, कोरडा, नखाने टोचला तरी न जाणारा. पाण्याखालचा हिरवट, बुळबुळीत. आपण एखाद्या मोठ्या झाडाच्या शेंड्यापाशी बसलोय आणि बाकीचं झाड पायाखाली आहे, हे डोक्यात शिरायला जरा वेळ लागला.

तळ्यात शंभरावर बेटं आहेत. खरं तर ते सगळे डोंगरमाथे, दरी भरल्यावर उरलेले. लांबून अप्रतिम दिसतात. फोटोत तर फारच.

मी निघण्याआधी या बेटांबद्दल वाचून आले होते, आणि ते डोक्यातून जात नव्हतं. इथल्या 16 बेटांवर पिंजरे लावून संशोधकांनी छोटे सस्तन प्राणी मोजले, एकदा धरणानंतर पाच-सात वर्षांनी आणि पुन्हा साधारण पंचवीस वर्षांनी. निष्कर्ष 2013 मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात छापून आला. लहान बेटांवरचे मूळचे प्राणी पाच वर्षांतच जवळपास संपले होते, मोठ्यांवरचे पंचविसाव्या वर्षापर्यंत. उरला तो मुख्यतः एक उंदीर, तोही मूळचा या जंगलाचा नाही, बाहेरून आलेला. झाडं उभी, हिरवी, दाट. खाली राहायला मात्र जवळपास कोणी नाही.

गाईडला विचारलं, कॅम्प बेटावर का नाही टाकत, केवढं छान दिसेल. तो हसला. "तिथे उंदीर पिशवी फोडतात." झालं. 'सायन्स'मधलं सगळं चार शब्दांत.

रात्र, हेडलॅम्प लावून

बांबूच्या नळीत शिजवलेला भात आणि तळ्यातल्या माशाची पिवळी आमटी. हळद भरपूर, आंबट आणि इतकी तिखट की मानसी गप्प झाली. गाईडच्या मते ही पर्यटकांसाठी कमी तिखट केलेली.

जेवणानंतर त्याने स्यूब नाखासथियेन यांची गोष्ट सांगितली. थायलंडमध्ये हे नाव बहुतेकांना माहीत असतं. वनखात्याचे अधिकारी. पाणी चढायला लागलं तेव्हा या दरीत अडकलेल्या प्राण्यांना वाचवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. बोटीतून फिरायचं, आणि बुडत चाललेल्या झाडांवरून माकडं, साप, जे सापडेल ते उतरवायचं. गिबनला, म्हणजे झाडांवरच राहणाऱ्या बिनशेपटीच्या वानराला, तर पोहताच येत नाही. चहूकडे पाणी झालं की त्याचं झाड हाच तुरुंग. हजारावर प्राणी बाहेर काढले. पण काढले ते मूठभर, गेले ते मोजण्यापलीकडचे, हे त्यांना पक्कं कळलं. असं वाचवून काही होत नाही, दरीच बुडवायची नाही, असं मग ते उघड सांगू लागले. पश्चिम थायलंडमध्ये होऊ घातलेल्या नाम चोअन धरणाला विरोध करणाऱ्यांत ते होते, आणि 1988 मध्ये ते धरण गुंडाळलं गेलं. पुढे हुआइ खा खेंग अभयारण्याचे ते प्रमुख झाले. शिकारी, लाकूडचोर, तुटपुंजी माणसं, वरून साथ नाही. 1 सप्टेंबर 1990 ला त्यांनी आत्महत्या केली. पुढच्याच वर्षी ते जंगल युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं.

म्हणजे या दरीत जे शिकले त्यावर दुसरी दरी वाचली. याला काय म्हणायचं, मला ठरवता येत नाहीये. मानसी म्हणाली, "झोप आता, सकाळी वल्हवायचंय." जळू मात्र माझ्याच पायाला लागली. मोजे तिने घातले होते.

सकाळ

उजाडता उजाडता गिबन सुरू झाले. आधी एकटा नर, मग जोडी. मादीचा आवाज हळूहळू चढत जातो, टोकाला पोचून थरथरतो आणि उतरतो. आम्ही दोघी कयाकमध्ये बसलो होतो, वल्ही आडवी ठेवून. आवाज कुठून येतोय ते मी मुद्दाम बघत होते. सगळा मुख्य जंगलाच्या बाजूने, कड्यांकडून. आमच्या डावीकडे दोन बेटं होती, तिथून एकही नाही. काल रात्रीची गोष्ट ऐकली नसती तर मला हे जाणवलंही नसतं.

मग महाधनेश आला. आधी पंखांचा फुसफुस आवाज, भाता चालवल्यासारखा, आणि नंतर पक्षी. कड्यावरून निघून पाणी ओलांडून सरळ त्यातल्या एका बेटावर उतरला, उंबराच्या जातीच्या झाडावर. त्याला पाण्याची अडचण नाही. फळं तिथे खाईल, बिया इकडे टाकील, इकडच्या तिकडे. बेटांना अगदीच मेलेलं म्हणता येत नाही, एवढं मी माझ्या मतात सुधारून घेतलं. मानसीने फोटो काढला, त्यात फक्त झाड आलं.

परतताना वारा उठला. दुपारकडे उठतोच, म्हणून गाईडला लवकर निघायचं होतं, आणि आम्हाला नव्हतं. नाक लाटेवर सरळ ठेवायचं, आडवं होऊ द्यायचं नाही. हात भरून आले.

बोटीला कयाक बांधता बांधता मी त्याला विचारलं, हे पाणी उतरावं असं कधी वाटतं का? त्याचं आजोळ या पाण्याखालच्याच एका गावातलं. बदल्यात धरणाच्या खालच्या अंगाला जमीन मिळाली, तिच्यावर आता रबर आहे. तो गाठ आवळत म्हणाला, "पाणी उतरलं तर मी कमावू कुठे?" मग जरा थांबून, "आईला विचारलंत तर ती वेगळं सांगेल." आणि इंजिन सुरू केलं, त्यामुळे आई काय सांगेल ते ओरडून विचारावं लागलं असतं. मी नाही विचारलं.